बासरी, व्हायोला आणि नाना

गाण्याच्या कार्यक्रमाला जाताना बरोबर काय न्यावं याचे आमच्या घरात पक्के नियम आहेत. पानाचा डबा, शाल, खोकल्याची गोळी आणि ‘वा!’ म्हणायची तयारी. लंडनच्या विगमोर हॉलमध्ये नानाबरोबर गेलो तेव्हा यातली शेवटची वस्तू दाराबाहेर ठेवून जायची असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

नाना म्हणजे माझा मधला भाऊ. दादा थोरला, मी शेंडेफळ आणि नाना मधे. 1968 साली तो लंडनला गेला, तिथल्या रेल्वेच्या हिशेबखात्यात चिकटला आणि तिथूनच निवृत्त झाला. महिन्याला पैसे यायचे आणि तीन महिन्यांनी पत्र. पत्रात मजकूर एवढाच : ‘प्रकृती ठीक. थंडी आहे. पैसे पोचल्याचे कळवावे.’ दादाचा पुण्यातला फ्लॅट, माझं इंजिनियरिंग, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं त्या एवढ्याशा मजकुरावर निघालं. असा हा नाना दर रविवारी सकाळी साडेअकराला कार्यक्रम ऐकायला जातो. आता साडेअकरा ही काय गाण्याची वेळ झाली? त्या वेळी आपल्याकडे माणूस दाढी आटोपून बटाटे आणायला निघतो.

हॉल छोटा. साडेपाचशेच्या आसपास खुर्च्या, मंचावर घुमटी आणि तिच्यात रंगवलेलं चित्र. बेखश्टाइन नावाच्या जर्मन पियानोवाल्यांनी 1901 साली तो आपल्या दुकानाला लागून बांधला. पुढे पहिलं महायुद्ध पेटलं, इंग्रजांनी जर्मनांचा राग पियानोवर काढला, 1916 साली हॉल विकला गेला आणि 1917 मध्ये रस्त्याचं नाव लावून पुन्हा उघडला. म्हणजे पाट्या बदलण्याचा छंद फक्त आपल्यालाच आहे असं नाही.

“चेंबर म्युझिक म्हणजे काय रे?” मी विचारलं.

“खोलीतलं संगीत.”

नानाचं उत्तर नेहमी तारेच्या दरानं असतं. मी मनाशी म्हटलं, म्हणजे आपली बैठकच की! फक्त गादी नाही, तक्क्या नाही, चहा नाही, तबला नाही आणि पहिल्या रांगेत बसून चुकीच्या जागी मान हलवणारे काका नाहीत.

मंचावर हार्प आधीच येऊन बसली होती. हे वाद्य मी आजवर चित्रातल्या देवदूतांच्याच हातात पाहिलेलं. देवदूतांची तब्येत दणकट असली पाहिजे, कारण खरी हार्प माणसाहून उंच आणि वजनाला पस्तीस-चाळीस किलो. तिला 47 तारा. एवढ्या गर्दीत घर सापडावं म्हणून पांढरी एकचा सा धरला तर सगळ्या ‘सा’च्या तारा तांबड्या आणि ‘म’च्या काळ्या. खाली सात पेडल, प्रत्येकाला तीन खाचा. म्हणजे बाईंचे हात वर मोगरा खुडताहेत आणि पाय खाली शिलाईच्या मशीनवर! शिवाय दोन्ही हातांच्या करंगळ्या वापरायच्याच नाहीत. त्या आपल्या फुकट कार्यक्रम ऐकतात. मला ती हार्प पाहून थेट दादा आठवला. मधोमध बसणार, हलवायला दोन माणसं लागणार आणि फोटोत पहिली नजर त्याच्यावरच जाणार.

बासरी चांदीची होती. पन्नालाल घोषांच्या बांबूवर पोसलेल्या माणसाला चांदीची बासरी म्हणजे चांदीच्या ताटात पिठलं वाटणार. पण पहिली फुंकर आली आणि मी ताट विसरलो. बासरी हे लाडकं वाद्य आहे. अंगानं हलकं, आवाजानं गोड, बॅगेत मावणारं. शेंडेफळाच्या बाबतीत मी निःपक्षपाती राहू शकत नाही.

राहिला व्हायोला. हा दिसतो व्हायोलिनला जरा सूज आल्यासारखा. सूर लावायचा तो व्हायोलिनच्या खाली पाच स्वरांवर. तिकडचे वादक आपसात विनोद सांगतात ते बहुतेक व्हायोलावाल्यांवरच. वरची चाल व्हायोलिननं न्यायची, खालचा भार चेलोनं घ्यायचा आणि मधली पोकळी यानं भरायची, असं हे मधल्याचं जिणं. पण मोत्सार्ट स्वतः मित्रांबरोबर वाजवायला बसला की हातात व्हायोला घ्यायचा. मधे बसलं की दोन्हीकडचं ऐकू येत असणार.

त्या दिवशीची मुख्य चीज होती क्लोद दब्युसीची. 1915 सालचा उन्हाळा, युद्ध चालू, पोटात कॅन्सर, आणि हा फ्रेंच गृहस्थ समुद्रकाठच्या पूरव्हिल गावी बसून सोनाटा लिहीत होता. सहा लिहायचे ठरवले होते, झाले तीन. बासरी, व्हायोला आणि हार्प हा दुसरा. खाली सही करताना नावापुढे लिहिलं, ‘फ्रेंच संगीतकार’. डिसेंबरात ऑपरेशन झालं, आणि मार्च 1918 मध्ये तो गेला तेव्हा पॅरिसवर जर्मन तोफांचे गोळे पडत होते. गंमत म्हणजे या सोनाट्यात आधी व्हायोला नव्हताच. त्या जागी ओबो घ्यायचा बेत होता. ओबो म्हणजे आपल्या सनईचा युरोपातला नातेवाईक. मग दब्युसीनं विचार बदलला आणि मधल्याला बोलावलं.

सुरुवात झाली. हार्पनं चार थेंब टाकले, बासरी उठली, आणि तिचा सूर विरता विरता व्हायोलानं असा अलगद उचलला, की बासरी कुठं संपली आणि हा कुठं सुरू झाला ते कळेना. दु:ख म्हणावं तर नाही, आनंद म्हणावा तर तोही नाही. पावसाची उघडीप असते ना, तसलं काहीतरी. माझ्या गळ्यात ‘वा’ तयार होऊन ओठापर्यंत आला. तेवढ्यात नानानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. हलकासाच. मी ‘वा’ गिळला. गिळलेला ‘वा’ फार वेळ छातीत राहतो.

पहिला भाग संपला. टाळी नाही! उलट सगळ्या हॉलनं एकजात खोकून घेतलं. एवढा वेळ ही मंडळी खोकला मुठीत धरून बसली होती. दुसरा भाग, पुन्हा खोकला. तिसरा संपल्यावर मात्र टाळ्यांचा असा पाऊस पडला, की बासरीवाल्या तरुणानं तीन वेळा वाकून नमस्कार केला, हार्पवाल्या बाईंनी आपल्या वाद्यालाही उभं राहायला लावलं असतं, आणि व्हायोलावाला दोघांच्या मागे जरा आडोशाला उभा होता. सगळं मिळून सतरा-अठरा मिनिटं. आपल्याकडे एवढ्या वेळात तंबोरे लागतात.

बाहेर तिकिटातच शेरीचा पेला मिळाला. सकाळी साडेबाराला! मी धर्मसंकट म्हणून घेतला आणि नानाकडे पाहिलं. त्याचे डोळे ओले होते.

“थंडी आहे,” नाना म्हणाला.

रात्री पुण्याहून दादाचा फोन आला. नानानं सवयीप्रमाणे “ठीक, घे, बाळूशी बोल” म्हणून फोन माझ्याकडे दिला. मी दादाला हार्पच्या 47 तारा सांगितल्या, चांदीची बासरी सांगितली.

“आणि तिसरं कसलं वाद्य म्हणालास?” दादानं विचारलं.

“ते नाना सांगेल,” म्हणून मी फोन परत दिला आणि चहा टाकायला आत गेलो.

चहा उकळला, गाळला, निवला. नाना बोलतच होता. दादाला इतका वेळ गप्प बसलेलं मी आयुष्यात ऐकलेलं नाही.