बाबांबरोबरचे पाच किलोमीटर

गेल्या हिवाळ्यात मी आणि बाबा आयुष्यातली पहिली शर्यत पळालो. आपल्या बडोद्यात कुठलीही शर्यत म्हणजे ‘मॅरेथॉन’च. सोसायटीत कुणी तसं म्हणून अभिनंदन केलं की बाबा लगेच दुरुस्ती करतात, “मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची असते. आम्ही आपले पाच.”

सुरुवात माझ्या रक्ततपासणीने झाली. रोज दहा तास लॅपटॉपसमोर बसणारा मी, एचबीएवनसी आलं 6.1. डॉक्टर म्हणाले, 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. बाबा 67 वर्षांचे, वीस वर्षांपासून मधुमेही. रिपोर्ट बघून ते काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला माझ्या खोलीचं दार वाजलं. “ऊठ. कमाटीबागेत जायचंय.”

पहिल्या दिवशी माझ्या पळण्यापेक्षा त्यांचं चालणं जलद होतं. मग मी वाचून एक पद्धत शोधली: एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं. 1972च्या ऑलिंपिकमध्ये धावलेल्या जेफ गॅलोवे यांनी अशी पळण्या-चालण्याची पद्धत लोकप्रिय केली. बाबांनी घड्याळ बाजूला ठेवून तिचं सोपं रूप केलं, “त्या झाडापासून पुढच्या बाकापर्यंत पळ.” वेग बरोबर आहे की नाही, हे ओळखण्याचीही एक साधी खूण आहे. पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे.

त्यामुळे आम्ही बोलायला लागलो. घरात ‘जेवलास का’च्या पुढे फारसं न बोलणारे बाबा बागेत जुम्मादादा व्यायाममंदिरातल्या जोर-बैठका, पहिला पगार, आजोबांशी झालेलं भांडण असं काहीबाही सांगायचे. यातलं बरंचसं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. दोन महिन्यांनी दोघांचीही बाबांच्या डॉक्टरांकडे तपासणी झाली आणि मी दोघांची नावं नोंदवली. ठरलं होतं, शेवटपर्यंत बरोबर पळायचं.

शर्यतीच्या सकाळी ढोल, गर्दी, छातीवर पिनांनी लावलेले नंबर. तीन किलोमीटर झाले तेव्हा घड्याळात 24 मिनिटं होती. अजून थोडा जोर लावला तर 38च्या आत संपेल, असा हिशोब डोक्यात सुरू झाला. बाबांची चालण्याची पाळी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “तू हो पुढे.”

मी झालो पुढे. बंगळुरूची नोकरी लागली तेव्हाही ते हेच म्हणाले होते आणि तेव्हाही मी फारसा विचार केला नव्हता.

37 मिनिटांत संपलं. पदक गळ्यात पडलं. घाम पुसायला पाऊच उघडला, तर आत बाबांचा मोबाइल आणि त्यांच्यासाठी घेतलेली ग्लुकोजची पुडी. साखर एकदम उतरली तर लागेल म्हणून मीच ठेवली होती, आणि तीच घेऊन मी पुढे पळालो होतो.

पाच मिनिटं मी त्या कमानीपाशी उभा राहिलो. प्रत्येक पांढरं डोकं मला बाबांचं वाटत होतं. मग राहवेना, उलट दिशेने चालत सुटलो. शेवटी वळणावर ते दिसले. शेजारी नऊ-दहा वर्षांचा एक दमलेला मुलगा होता आणि बाबा त्याला सांगत होते, “पेला थांभला सुधी!” कडेला उभी असलेली मुलं ओरडत होती, “चालो काका, थोडुंज बाकी छे!”

मी पुडी पुढे केली. “आत्ता नको रे, ठीक आहे मी,” ते म्हणाले. शेवटचे दोनशे मीटर आम्ही तिघं बरोबर पळालो.

“तुला किती वेळ लागला?” बाबांनी विचारलं.

“बघितलंच नाही,” मी म्हणालो. ते हसले. त्यांना ते खरं वाटलं नसावं.

नंतर शेव-उसळ खाल्ली. बाबांनी अर्धा पाव माझ्या ताटलीत टाकला. आता ग्लुकोजची पुडी त्यांच्याच खिशात असते, मोबाइलही. माझं घड्याळ मात्र पहाटे घरीच राहतं. परवा बागेत बाबा आजोबांच्या त्या भांडणाचा शेवट सांगत होते. बाक कधीच मागे पडला होता आणि आम्ही अजून पळतच होतो.