अडीचशे सी.सी.

वयाच्या ४५व्या वर्षी माणसानं काय करावं याविषयी आपल्या समाजाची मतं फार ठाम आहेत. त्यानं घराचं कर्ज फेडावं, मुलीच्या शिक्षणाची बेगमी करावी, रक्तातली साखर तपासून घ्यावी आणि जमल्यास सकाळी फिरायला जावं. त्यातून तो शाळामास्तर असेल आणि वर कादंबऱ्या लिहीत असेल, तर खांद्याला झोळी लावून त्यानं पायीच चालावं हे उत्तम. अशा माणसानं मधल्या सुटीत, ‘जरा मोठ्या इंजिनाची स्पोर्ट्स मोटारसायकल घ्यावी म्हणतो, जुनीच, पण घ्यावी म्हणतो,’ असं सहज बोलून दाखवलं की शिक्षकांच्या खोलीत जी शांतता पसरते, ती मी अनुभवली आहे. आमच्या चित्रकलेच्या मास्तरांनी तर माझ्याकडे आजारी माणसाकडे पाहावं तसं पाहिलं.

जुनीच का, याचं उत्तर पगारपत्रकात आहे. त्याचा विस्तार नको. मोठीच का, हे मात्र सांगायला हवं. मी शाळेत होतो तेव्हा गावातल्या डॉक्टरांच्या धाकट्या भावाकडे यामाहा आर.एक्स. शंभर होती. ही गाडी १९८५ साली बाजारात आली आणि १९९६ साली बंद झाली. म्हणजे माझं सारं शालेय जीवन तिच्या आवाजात गेलं म्हणा ना! अवघी ९८ सी.सी.ची, अकराएक अश्वशक्तीची गाडी ती. पण ती शाळेवरून गेली की फळ्यावरचं गणित जागच्या जागी थांबे. पुढं नोकरी लागल्यावर मी घेतली ती शंभर सी.सी.ची, पण निमूट स्वभावाची गाडी. तिच्यानंतर दीडशेची. आता अडीचशेच्या वर जावं असं मनात आलं, ते डॉक्टरांच्या त्या भावामुळेच असावं.

आकडे मोठे मजेदार असतात. माझ्या पहिल्या गाडीत साडेसात अश्वशक्ती होती, दुसरीत चौदा. अडीचशेच्या होंडा सी.बी.आर.मध्ये पंचवीस भरतात, आणि चाकणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या केटीएमच्या ३९०मध्ये त्रेचाळीस. दर पायरीला घोडे जवळजवळ दुप्पट होत जातात. मनगट मात्र तेच राहतं. आणि सवयी मनगटात असतात. आमच्याकडे ऊसतोडीच्या दिवसांत एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या लावून ऊस चाललेला असतो. शंभरच्या गाडीवर हे लांबलचक प्रकरण ओलांडायचं म्हणजे एक अनुष्ठानच. पार वळणापर्यंत रस्ता मोकळा बघायचा, गिअर खाली घ्यायचा आणि अ‍ॅक्सिलेटर मुठीत मावेल तेवढा पिळायचा. वर्षानुवर्षं असं केलं की हाताला वाटू लागतं, पूर्ण पिळणं हाच धर्म. तोच पीळ त्रेचाळीस घोड्यांना दिला तर ट्रॅक्टर मागं पडतो हे खरं. पण समोरची एस.टी.ही तितक्याच लवकर जवळ येते. पायाची गोष्टही तशीच. लहान गाडीवर आपण मागचा ब्रेक दाबून निभावून नेतो. मोठ्या गाडीचं थांबणं बहुतांशी पुढच्या डिस्कवर असतं. घाबरून मागचाच दाबला, की चाक अडकून गाडी आडवी सरकते. वेग दुप्पट झाला की थांबायला अंतर चौपट लागतं, हे विज्ञानाचे मास्तर फळ्यावर लिहून दाखवतात. रस्ता ते लिहून दाखवत नाही.

हे भान कारखान्यांनाही नेहमी असतंच असं नाही. १९८३ साली आपल्याकडे आलेल्या राजदूत ३५०ला तीस अश्वशक्तीचं इंजिन होतं आणि पुढंमागं ब्रेक मात्र ड्रमचेच. त्या गाडीच्या आठवणी सांगणारी मंडळी हा भाग हसत हसत सांगतात. सांगायला शिल्लक राहिलेली मंडळी, अर्थात!

मला हसू येत नाही, कारण माझ्या हजेरीपटावरच्या दोन मुलांची नावं मला क्रमांकासह आठवतात. दोघंही लहान गाडीवर वर्षानुवर्षं सुखरूप फिरले. दोघांनीही मोठी गाडी घेतली आणि महिन्याच्या आत गेले. त्यांतल्या एकाचा वर्गमित्र कोल्हापुरात उद्यमनगराच्या अंगाला गॅरेज चालवतो. त्या मित्राची गाडी नीट करून विकायला याच्याकडेच आली होती. ‘सर, दोन दिवस ती समोर उभी होती. हात लावला नाही. पण कुणीतरी लावलाच असेल. रंगवून, पुसून आज ती कुठंतरी चालत असेल.’ हे तो मला एकदाच बोलला. मला जुनी गाडी घ्यायची आहे म्हटल्यावर त्यानं एवढंच सांगितलं, ‘एकटे जाऊ नका सर. मी येतो.’

घरातली अट याहून सोपी होती. बायको म्हणाली, ‘घ्या की. पण जी घ्याल तिच्या मागं मी बसणार.’ अठरा वर्षं ती माझ्या मागं एका बाजूला पाय सोडून बसत आली आहे. स्पोर्ट्स गाडी ही एकट्याची गाडी असते, हे तिला ठाऊक नसावं असं मला क्षणभर वाटलं. मग लक्षात आलं, तिला ते पुरतं ठाऊक होतं.

पहिली गाडी पाहिली ती कोल्हापुरातच. केटीएम आर.सी. ३९०, नारिंगी-पांढरी, सूर्य उतरल्यासारखी. मी तिच्याकडे पाहत राहिलो. माझा विद्यार्थी मात्र तिच्या खाली पाहत होता. आधी त्यानं तळवा इंजिनावर ठेवला. गरम होतं. ‘आम्ही येण्याआधीच चालू केलीत का?’ असं त्यानं मालकाला अगदी गोड आवाजात विचारलं. थंड इंजिन पहिल्यांदा कसं पेटतं, कसं खडखडतं, हे ऐकू नये म्हणून लोक असं करतात, हे मला मागाहून कळलं. मग त्यानं हँडल पूर्ण डावीकडे वळवलं. टाकीशी दोन बोटं जागा राहिली. उजवीकडे वळवलं, एकच बोट. हँडल जिथं अडतं त्या खिट्टीवर ताजा रंग होता. सहा वर्षांच्या गाडीची फेअरिंग कोरी करकरीत होती आणि आतले तिचे पकडणारे कान जोडलेले. चाकावर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, मागचे दोन सालाचे. पुढचं आणि मागचं टायर यांत तीन वर्षांचं अंतर निघालं. विद्यार्थी उठला, हात पुसले आणि मला म्हणाला, ‘चला सर, चहा घेऊ.’ रस्त्यात तो बराच वेळ बोलला नाही. मी त्याला काही विचारलं नाही.

दुसरी सांगलीची. गाडी ठीक, पण आर.सी.वर बँकेचा बोजा तसाच आणि मालक ‘तो काय, उतरेल’ म्हणणारा. तिथं पाच मिनिटं गेली.

तिसरी इचलकरंजीत, एका यंत्रमागवाल्या गृहस्थांकडे. होंडा सी.बी.आर. २५०, २०१४ सालची, रंग थोडा उडालेला. मला मनातून जरा फिकीच वाटली. पण इंजिन थंडगार होतं आणि पहिल्याच बटणाला पेटलं. हँडल दोन्हीकडे सारखं वळत होतं, मधोमध कुठं अडखळत नव्हतं. साखळीच्या चक्राचे दात झिजले होते, पण एकसारखे. चाक अडकू न देणारी ए.बी.एस.ची सोय तिला होती, १२५ सी.सी.वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना ती सक्तीची झाली २०१९च्या एप्रिलात, त्याआधीच्या गाड्यांत ती शोधावी लागते. गृहस्थांनी एक वही काढली. ऑइल कधी बदललं, कुलंट कधी, किती किलोमीटरवर, सगळं मागाच्या हिशेबाच्या अक्षरात. अशी वही लिहिणारा माणूस अ‍ॅक्सिलेटर कसा पिळत असेल याचा अंदाज कादंबरीकाराला करता यायला हरकत नाही.

मी एक फेरी मारून आलो. पहिल्या हजार पावलांत गाडी काही बोललीच नाही. मग हळूहळू, मागितलं तेवढंच देत गेली. ३९०च्या मानानं ती मवाळ. माझ्या मनगटाला ते बरं वाटलं.

‘का विकता?’ मी विचारलं.

‘गुडघा,’ गृहस्थ म्हणाले, आणि २९ नि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या करू लागले.

एवढा वेळ बायको गाडीच्या मागच्या चाकापाशी उभी होती. ‘साडीगार्ड कुठंय हिचं?’ ती म्हणाली. घेतल्या घेतल्या मुलानं काढून टाकलं होतं; शोभत नाही म्हणून. गृहस्थांच्या पत्नी आत गेल्या. माळ्यावर बरीच खडखड झाली. मग जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं साडीगार्ड घेऊन त्या बाहेर आल्या आणि ते त्यांनी माझ्या हातात न देता माझ्या बायकोच्या हातात दिलं. माझा विद्यार्थी पाना शोधत होता.