सिस्टर

दवाखान्यात परिचारिकेला सगळे 'सिस्टर' म्हणतात. सलाईन संपली की 'सिस्टर', रात्री दोनला ताप चढला की 'सिस्टर'. मात्र आपली सख्खी बहीण 'सिस्टर' व्हावी, असे म्हणणारा भाऊ आम्हाला जळगावात क्वचितच भेटला, आणि आमच्या आजोळी धुळ्यात तर एकही नाही.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. दहावीच्या मुलींना दरवर्षी विचारतो, पुढे काय करणार? डॉक्टर, टीचर, डी.एड., बी.एड. ही उत्तरे ठरलेली. एका वर्षी एका मुलीने 'नर्स' असे सांगितले आणि सारा वर्ग हसला. चारच दिवसांनी तिचे अब्बा शाळेत आले. म्हणाले, "सर, रात की ड्यूटी, गैर मर्दों की तीमारदारी. कल को रिश्ता कौन देगा?"

आम्ही वाद घातला नाही. एवढेच विचारले, "चाचा, तुमच्या अम्मी महिनाभर सिव्हिलमध्ये होत्या. त्यांची कूस कोण बदलत होते? पाठीवरच्या जखमा कोण धूत होते?" ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "वो तो एक सिस्टर थी. अल्लाह उसको खुश रखे." ज्या कामासाठी दुसऱ्याच्या मुलीला दुवा द्यायची, ते काम आपल्या मुलीसाठी हलके कसे ठरते?

हे काम आपल्याला परकेही नाही. मदिनेत हजरत रुफैदा (रजि.) जखमींची शुश्रूषा करीत. खंदकच्या लढाईत हजरत साद बिन मुआज (रजि.) जखमी झाले, तेव्हा त्यांना रुफैदांच्याच तंबूत ठेवले गेले, आणि तो तंबू मस्जिदे नबवीच्या आवारात होता. खिदमतीची जागा इबादतीच्या जागेला लागून होती. आपण मात्र मधे भिंत घातली.

आता मुंबईचे उदाहरण घ्या. किशोरी पेडणेकर पूर्वी जेएनपीटीच्या रुग्णालयात परिचारिका होत्या. २००२ साली त्या मुंबई महापालिकेत नगरसेविका झाल्या आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये महापौर. मग कोरोना आला. २७ एप्रिल २०२० रोजी त्या पांढरा गणवेश घालून नायर रुग्णालयात गेल्या आणि तेथील परिचारिकांना 'मी तुमच्यातलीच आहे' असा धीर दिला. त्यांच्या पक्षाशी आमचे काही देणेघेणे नाही. हा दिखावा आहे असेही कोणी म्हणाले. पण शहराच्या प्रथम नागरिकाला तो गणवेश अंगावर घालताना कमीपणा वाटला नाही, ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही.

परिचारिकेकडे असे काय असते, जे सार्वजनिक कामाला उपयोगी पडते? आमच्या मते, तिला आजाराचा पत्ता ठाऊक असतो. एकाच गल्लीतली चार मुले जुलाब होऊन आली, की नळाच्या पाण्यात गटार मिसळले हे तिला नगरसेवकाच्या आधी कळते. धुळ्याने नळाला आठ-आठ दिवस पाणी नसल्याचे दिवस पाहिले आहेत. साठवलेल्या पाण्याने कोणते ताप येतात, ते वॉर्डातल्या सिस्टरला कागद न बघता सांगता येते.

दुसरी गोष्ट सहीची. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना ५० टक्के आरक्षण आहे. आपल्या मोहल्ल्यातूनही भाभी निवडून येतात. पण बऱ्याच ठिकाणी खुर्चीवर भाभी आणि कारभार भाईजानचा, हे आपण सारे पाहतो. परिचारिका मात्र औषध देते आणि तक्त्यावर स्वतः सही करते. चूक झाली तर जाब तिलाच विचारला जातो. जिला ही सवय लागली, ती उद्या सभागृहात दुसऱ्याला आपल्या नावाने बोलू देणार नाही.

वाट सोपी नाही. दहावीपर्यंत उर्दूत शिकलेली मुलगी अकरावी विज्ञानाला गेली की एकदम इंग्रजीत पडते. बी.एस्सी. नर्सिंगला बारावी विज्ञान लागते. जीएनएम तीन वर्षांचे, एएनएम दोन वर्षांचे. तिथेही इंग्रजी सुटत नाही. म्हणून आम्ही आठवीपासूनच इंग्रजीचा जादा तास घेतो. आणखी एक गोष्ट पालकांना सांगावीशी वाटते. रात्रपाळीची काळजी खरी आहे. पण ती सुरक्षित जाण्यायेण्याची सोय करून मिटते, मुलीला घरी बसवून नाही.

त्या मुलीच्या अब्बांनी दोन वर्षांनी एएनएमच्या फॉर्मवर सही केली. आज ती धुळे जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात आहे. सपाटीवर पाच हजार आणि आदिवासी भागात तीन हजार वस्तीमागे एक उपकेंद्र, असा सरकारी हिशेब असतो. ईदला ती भेटायला आली तेव्हा म्हणाली, "सर, लोग दवाई से जियादा कागज पूछते हैं. राशन कार्ड, जन्म का दाखला, निराधार का फॉर्म. मैं सब भर देती हूं." आम्ही म्हटले, "बेटी, नगरसेवक दुसरे काय करतो?" ती हसली. तिचे अब्बा शेजारीच बसले होते. ते हसले नाहीत, विचारात पडले. आम्हाला ते पुरेसे वाटले.