चाकांवरचें घर

घर म्हटलें कीं त्यास पाया हवा, अशी आपल्याकडील समजूत. परंतु घरालाच चाकें लावावींत, तें मोटारीमागें जोडावें आणि सुट्टी लागतांच चूल, अंथरूण-पांघरूण व मुलेंबाळें यांसह देशाटनास निघावें, ही कल्पना अमेरिकेंत आतां शंभर वर्षांहून जुनी झाली आहे. अशा बिनइंजिनच्या घराला तिकडे ट्रेलर म्हणतात. आम्ही येथें घरगाडी म्हणूं. या घरगाड्यांचें माहेर म्हणजे इंडियाना संस्थानांतील एल्कहार्ट शहर. आमचा पुतण्या नोकरीनिमित्त शेजारच्या गोशेन गांवीं राहतो. त्याच्या आग्रहावरून वसंतऋतूंत आम्ही उभयतां दोन महिने तिकडे होतों. त्यामुळें हा प्रांत जवळून पाहतां आला.

एल्कहार्ट शिकागोच्या पूर्वेस सुमारें ११० मैलांवर, सेंट जोसेफ व एल्कहार्ट या दोन नद्यांच्या संगमावर वसलें आहे. एके काळीं तें बँडच्या वाद्यांसाठीं प्रसिद्ध होतें. १९३० नंतरच्या दशकांत तेथें घरगाड्यांचा धंदा रुजला, आणि आज अमेरिकेंतील बहुतेक घरगाड्या याच शहराच्या आसपासच्या कारखान्यांतून बाहेर पडतात. तेथें या विषयाचें एक स्वतंत्र संग्रहालय असून त्यांत १९१३ सालची एक चिमुकली घरगाडी जपून ठेविली आहे. मे वेस्ट या सिनेनटीसाठीं १९३१ सालीं सजविलेलें चाकांवरचें घरहि तेथेंच पाहावयास मिळतें.

याहून मोठें नवल रस्त्यावर दिसतें. या भागांत आमिश पंथाचे लोक पुष्कळ. ते मोटार बाळगीत नाहींत. घोडागाडीनें किंवा सायकलीनें फिरतात. परंतु त्यांच्यापैकीं अनेक पुरुष घरगाड्यांच्या कारखान्यांत कामास जातात. ज्यांच्या दारांत मोटार नाहीं, त्यांच्याच हातून मोटारीमागें धांवणारीं घरें घडावींत, हा योग खरोखर विलक्षण!

पुतण्याची स्वतःची घरगाडी १९७० च्या सुमाराची, सोळा फूट लांबीची. ती त्यानें जुनीच घेतली होती. कोणत्या कारखान्याची, हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. पाण्याला कारखान्याचें नांव वाचतां येत नाहीं. त्याच्या दोन्ही मुलींच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या तिच्या मागल्या कोपऱ्यांतील बाकावर निजून, सरोवरांच्या कांठीं गेल्या. आतां मुली मोठ्या झाल्या, थोरलीच्या कॉलेजची फी पुढें उभी राहिली, म्हणून ती विकावयाचें ठरलें. उन्हाळा लागण्यापूर्वीचे चार-सहा आठवडे हाच विक्रीचा हंगाम. बेत साधा होता : आंतून रंग, खिडक्यांना नवे पडदे, गाद्यांना नवे अभ्रे आणि जमिनीवर नवें लिनोलियम. दहा दिवसांत काम आटपेल असा अजमास होता.

परंतु मागलें बाक हलवितांच तेथील जमीन अंगठ्याखालीं दबली. आरीनें टोंचून पाहिलें, तों आरी लोण्यांत शिरावी तशी आंत गेली.

या गाड्यांची रचना ध्यानांत घेतली म्हणजे याचें कारण कळतें. बारीक लांकडी पट्ट्यांचा सांगाडा. त्याला आंतून पातळ प्लायवुड, बाहेरून ॲल्युमिनियमचे पत्रे, आणि मध्यें ऊब राखण्यासाठीं कांचेच्या तंतूंची लोकर. छप्पर व भिंत जेथें मिळतात तेथें पुट्टी भरून वर पट्टी कसलेली असते. ही पुट्टी ऊन, हिमवर्षाव व रस्त्यावरचे हिसके सोसून वाळते आणि तडकते. मग पावसाचें पाणी सांध्यांतून शिरतें, पत्रा व प्लायवुड यांच्या मधून गुपचुप उतरतें आणि तळाशीं सांचतें. बाहेर पत्रा चकचकीत, आंत भिंत कोरडी. मधला सांगाडा मात्र कुजत जातो. दिसतें तसें नसतें म्हणून जग फसतें, ही म्हण जणूं याच गाड्यांवरून निघाली असावी.

एका माहितगार शेजाऱ्यानें सल्ला दिला कीं, वर लिनोलियम पसरावें, बाक जागेवर ठेवावें, आणि ‘आहे तशी’ या अटीवर गाडी विकून मोकळें व्हावें. अशा अटीवर जुन्या वस्तूंचे व्यवहार तिकडे सर्रास होतात. पुतण्याचें मन घुटमळलें. फीची तारीख जवळ आली होती. तेव्हां सूनबाई आमच्याकडे वळून म्हणाली, “काका, या कोपऱ्यांत आपल्या मुली निजत होत्या. उद्यां दुसऱ्या कोणाचीं मुलें निजतील. आणि रस्त्यानें ओढतांना ही भिंतच सुटली, तर मागून येणाऱ्यानें काय करावें?” निःसत्त्व, कमी भरणारा किंवा झांकलेला माल विकूं नये, असें मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत सांगितलें आहे. सूनबाईनें तो अध्याय वाचला नसेल. पण त्याचा अर्थ तिला ठाऊक होता. वाद तेथेंच मिटला.

मग खरें काम सुरू झालें. कोपऱ्यांच्या पट्ट्या काढून पत्रे एकामागून एक उतरविले व प्रत्येकावर क्रमांक घातला. पत्रा लांब आणि पातळ. एकट्यानें उचलला तर मधोमध मोडतो. म्हणून एका टोकास पुतण्या, दुसऱ्या टोकास आम्ही, आणि मध्यें धाकटी नात अशी योजना झाली. कारखान्यांतून निवृत्त झालेला एक आमिश सुतार मदतीस आला. कुजलेली पट्टी त्यानें फेंकूं दिली नाहीं. तिचे तुकडे जुळवून तोच नमुना धरला आणि त्यावरून नवी कापली. पत्रे पुन्हां चढवितांना सुकणाऱ्या पुट्टीऐवजीं चिकट रबरी पट्टी सांध्यांत घातली, कारण ती वर्षानुवर्षें मऊ राहते. कौलांप्रमाणें वरच्या पत्र्याची कड खालच्यावर यावी लागते, म्हणून हें काम तळापासून वर चालतें.

ज्यांत जिवाला धोका, तें रंगाच्या आधीं पाहावें असा क्रम ठरला. गॅसच्या नळ्यांच्या सांध्यांवर साबणाचें पाणी लावून बुडबुडे येतात कीं काय तें पाहिलें. चाकांचे बेअरिंग धुऊन त्यांत नवें ग्रीस भरलें. टायर दिसावयास धड होते. पण त्यांच्या कुशीवर चार आंकडे असतात, त्यांतील पहिले दोन आठवडा व शेवटचे दोन वर्ष दाखवितात. ते वाचल्यावर टायर म्हातारे झाल्याचें कळलें, आणि चारहि बदलले. गाडीच्या एकंदर वजनाच्या शेंकडा १० ते १५ भार मोटारीच्या आंकड्यावर पडावा लागतो. तो कमी झाला तर गाडी रस्त्यावर झोंके खाते. तेंहि तोलून पाहिलें. पडदे व अभ्रे आमच्या कुटुंबानें शिवले, पण ते सर्वांत शेवटीं.

यांत सहा आठवडे गेले आणि हंगामाचा भर ओसरला. लांकूड, टायर व मजुरी यांचा खर्च वजा जातां हातीं आलेली रक्कम अपेक्षेहून बरीच कमी भरली. फीचा उरलेला भाग पुतण्यानें कर्ज काढून भरला. गाडी घेण्यास आलेलें जोडपें तरुण होतें, बरोबर दोन लहान मुलें. पुतण्यानें त्यांच्या हातीं यादी ठेविली : काय कुजलें होतें, काय बदललें, त्याचीं छायाचित्रें, आणि काय अजून बाकी आहे तेंहि. शीतकपाट गॅसवर चालत नाहीं, एका खिडकीची कांच तडकलेली आहे, इत्यादि. त्या गृहस्थानें यादी दोनदां वाचली, मग मागल्या कोपऱ्यांत गुडघे टेकून अंगठ्यानें जमीन दाबून पाहिली. ती दबली नाहीं. त्यानें किंमतीबद्दल घासाघीस केली नाहीं.

जातांना यादीची एक प्रत पुतण्यानें कपाटाच्या दारामागें चिकटवून दिली. म्हणजे पुढेंमागें गाडी तिसऱ्या हातीं गेली, तरी तिच्या पोटांत काय आहे तें नव्या मालकास पडदा सारल्यावांचून कळेल.