बाईंची हजेरी

आमच्या करंजाड्यात सिडकोच्या इमारती उठल्या, बिऱ्हाडे भरली, घरोघर दप्तरे आली. मुले वाढली ही आनंदाचीच गोष्ट; पण बाई कोठून आणायच्या? २००९ च्या कायद्याने पहिली ते पाचवीच्या ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितले, त्यांना इतर कामांना जुंपू नका असेही बजावले. जनगणना, आपत्ती नि निवडणूक मात्र ठेवली! एक बाई मतदारयादी घेऊन जिने चढतात, तेव्हा दुसऱ्या बाई दोन्ही वर्ग राखतात. राखतात, शिकवणार कशा? नवा शिक्षणसेवक तीन वर्षे मानधनावर. प्राथमिकचे मानधन २०२३ पर्यंत ६,००० रुपये होते. प्रगतिपुस्तकात आपण मुलाचेच गुण पाहतो. मला वाटते, तेथे आणखी एक रकाना हवा: बाईंना किती दिवस शिकवू दिले?