ऐकणाऱ्याची नजर

विद्यार्थ्यांस सल्ला देणें हें शिक्षकाचें कर्तव्यच होय, आणि तें आपण चांगलें बजावतों, असा आमचा पुष्कळ वर्षें समज होता. एका विद्यार्थ्यानें तो दूर केला.

एके दिवशीं मधल्या सुटींत दहावीच्या वर्गांतील एक मुलगा आमच्याकडे आला. अभ्यासांत लक्ष लागत नाहीं, शाळा सोडावीशी वाटते, असें तो मान खालीं घालून म्हणाला. आम्हीं त्याचें बोलणें ऐकून घेतलें, अभ्यासाचें वेळापत्रक आंखून दिलें, धीराचे चार शब्द सांगितले व समाधानानें पुढील तासास गेलों. दुसऱ्या आठवड्यापासून तो शाळेंत दिसेना.

त्याच्या घरीं गेलों, तेव्हां खरा प्रकार कळला. वडिलांचें काम सुटलें होतें, व मुलगा एका दुकानांत राबूं लागला होता. "हें त्याच दिवशीं कां सांगितलें नाहींस?" असें विचारतांच तो म्हणाला, "सर, आपण दोनदां घड्याळाकडे पाहिलेंत. मग पुढें बोलवेना." तास चुकूं नये एवढाच आमचा हेतु होता, पण हेतु आमच्या मनांत राहिला, आणि त्याला दिसली ती आमची नजर.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनीं १९५७ सालीं एका लेखांत, मनुष्याच्या मनांत हितकर पालट घडण्यास अवश्य अशा सहा अटी सांगितल्या. सल्लागाराच्या ठायीं आस्था व समज असून भागत नाहीं. ती समोरच्यास थोडी तरी जाणवली पाहिजे, असें सहावी अट सांगते. पुढें १९६८ सालीं स्टॅन्ली स्ट्राँग यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, सल्लागार जाणता, आपलासा व विश्वासू वाटेल तरच त्याच्या शब्दास वजन येतें. आम्ही जाणते वाटलों म्हणून मुलगा दाराशीं आला. आपलेसे वाटलों नाहीं म्हणून दारांतूनच परतला. दुखणें एक व औषध दुसरें, असा आमचा सल्ला वायां गेला.

सुदैवानें फी हप्त्यांनीं भरण्याची सोय झाली व मुलगा परत आला. तेव्हांपासून कोणी बोलावयास आलें म्हणजे आम्ही घड्याळ खणांत ठेवतों. वेळ नसेल तर तसें स्पष्ट सांगून दुसरी वेळ नेमून देतों. पालकांनींहि मुलाशीं बोलतांना हातांतील काम क्षणभर बाजूस ठेवावें. आणि विद्यार्थ्यांनो, वडील माणसाचें लक्ष नाहीं असें वाटलें, तर मुकाट्यानें परत फिरूं नका. तसें बोलून दाखवा. आम्हांस राग येणार नाहीं.