तीन-सहा

माझी भाची अकोल्यात दंतचिकित्सकांची साहाय्यक होण्याचे शिक्षण घेत आहे. सुट्टीत अमरावतीस आली असता तिच्या वहीतील ‘३६’ या अंकाविषयी मी विचारले. ती म्हणाली, “मामा, हा तीन-सहा. तीन म्हणजे डावीकडचा खालचा भाग. सहा म्हणजे मध्यापासून सहावा दात, पहिली मोठी दाढ. डावे-उजवे मात्र रुग्णाचे धरायचे, आपले नव्हे.”

ही दाढ साधारण सहाव्या वर्षी, दुधाच्या दाढांमागे, कोणताही दात न पडता येते. म्हणून अनेक पालक तिला दुधाचीच समजतात व कीड दुर्लक्षितात. बँकेत चुकीची नोंद उलट नोंदीने दुरुस्त होई. चुकून काढलेली कायमची दाढ परत येत नाही. जमा-नावे जपणाऱ्या आपल्या घरांतील मुलामुलींनी या कामाचा अवश्य विचार करावा.